रीमरला दोष देण्याआधी

उसाचा हंगाम लागला की नारायणगाव-मंचर पट्ट्यातल्या लेथवाल्यांकडे ट्रॅक्टरची कामं वाढतात. विघ्नहर आणि भीमाशंकर कारखान्यांकडे भरलेल्या ट्रॉल्या ओढून पुढच्या एक्सलचे किंगपिन आणि बुश झिजतात. एका हंगामात असाच एक ट्रॅक्टर माझ्याकडे आला. बुश दुसरीकडे नुकतेच बदललेले, तरी चाक हलत होतं. पिन काढून मोजलं, तर बुश तोंडाशी मोठा आणि आत घट्ट. हँड ड्रिलला रीमर लावून भोक उरकलेलं. मालकाला बुश आणि मजुरीचा खर्च दुसऱ्यांदा पडला, वर खेपाही बुडाल्या.

तेव्हापासून कामाला येणाऱ्या पोरांना मी पहिली गोष्ट सांगतो: रीमर भोकाचं माप आणि फिनिश देतो, वाकडं भोक सरळ करत नाही. तो आधीच्या भोकामागून जातो. ड्रिल वाकडं गेलं असेल, तर आधी बोअरिंग करा.

बुश दाबून बसवला की आतून आकसतो. म्हणून रीमिंग बसवल्यानंतरच करायचं. वरचा आणि खालचा बुश एका रेषेत हवेत, त्यासाठी पायलट असलेला लांब रीमर दोन्हींतून एकदम काढा.

माल किती ठेवायचा? २५ मिमीच्या भोकाला मशीनवर साधारण ०.२ ते ०.३ मिमी, हातरीमरला ०.१ च्या आत. जास्त ठेवला तर रीमर तापतो, भोक मोठं होतं. फारच कमी ठेवला तर कापण्याऐवजी नुसता घासतो. मशीनवर ड्रिलच्या निम्म्याहून कमी वेग आणि दुप्पट फीड द्या. स्टीलला भरपूर तेल सोडा. आणि रीमर उलटा कधीच फिरवू नका, बाहेर काढतानासुद्धा नाही. अडकलेला बुरा धार मोडतो आणि भोकावर ओरखडे पाडतो.

२५ मिमी एच-७ भोकाला फक्त ०.०२१ मिमीची सूट असते. ती डोळ्यांनी दिसत नाही, प्लग गेजच सांगतो.

ट्रॅक्टरमालकांनीही एवढं करावं: एक्सल जोडण्याआधी तेल लावलेली पिन स्वतः घालून बघा. ती अंगठ्याच्या दाबाने दोन्ही बुशांतून जायला हवी आणि हलवली तर हलायला नको. हातोडी लागली किंवा पिन खडखडली, तर मजुरी देऊ नका.