धार कमी, तिथे जोर जास्त

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत लोखंड कापायला हवी तेवढी यंत्रं आहेत, पण जाड चामड्याची वेळ आली की हातच पुढे करावा लागतो. भोसरीतल्या एखाद्या शेडला जुन्या पंपाचं वॉशर हवं असतं, कुणाला हत्यारांचं पाकीट, कुणाला पट्टा. नग दोन-चारच, म्हणून डाय कुणी बनवत नाही. समोर पडलेला कटर उचलायचा आणि दाबून कापायचं, अशी सर्रास रीत आहे. हे काम करता करता माझं ठाम मत झालं आहे की हात कापतो तो धार नसल्यामुळे. चामडं म्हणजे एकमेकांत गुंतलेले तंतू. बोथट पातं ते कापण्याऐवजी पुढे रेटतं, मग आपण जोर वाढवतो. शेवटचा अर्धा मिलिमीटर तुटला की अडथळा एकदम संपतो, हातातला जोर मात्र तसाच असतो, आणि तो पात्यासकट दुसऱ्या हाताच्या अंगठ्यावर किंवा मांडीवर येतो. धारदार पात्याला जोरच कमी लागत असल्याने ते निसटलं तरी फार लांब जात नाही.

हत्यार निवडतानाही हीच कसोटी लावावी. तुकडे मोडत जाणारं कटरचं पातं १९५६ मध्ये ओसाकाच्या योशिओ ओकादा यांनी शोधलं. ते छापखान्यात काम करत आणि त्यांच्यापुढे प्रश्न होता कागद कापण्याचा. म्हणजे हे पातं मुळात पातळ, आणि ठरावीक रेषांवर मोडावं म्हणूनच घडवलेलं. पाच मिलिमीटरच्या चामड्यात ते जरा तिरकं झालं की त्याच रेषेवर तुटतं. याउलट कोल्हापुरी चपलेचा कारागीर म्हशीचं, बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावलेलं जाड कातडं रापीने कापतो. रापीचं पातं रुंद आणि ताठ, धार पुढच्या कडेला. जोर पात्याच्या रेषेतच जातो, म्हणून ते लचकत नाही. रापी नसेल तर आखूड, जाड पाठीची सुरी चालेल. कटरच वापरायचा असेल तर १८ मिलिमीटर रुंदीचा घ्यावा आणि पात्याचा एकच तुकडा बाहेर काढावा.

आपल्या पट्ट्यात पॉवर हॅक्सॉच्या तुटक्या पात्याची सुरीही बनवली जाते. पातं अखंड हायस्पीड स्टीलचं असेल तर ती वर्षानुवर्षं टिकते. पण बायमेटल पात्यात कठीण पोलाद फक्त दातांच्या कडेला असतं. दात घासून टाकले की कठीण भागच जातो आणि उरलेल्या पाठीला धार धरत नाही. साध्या कार्बन पोलादाचं पातं ग्राइंडरवर निळं पडलं, तर तिथलं पाणी उतरलं असं समजावं; ते वारंवार पाण्यात बुडवत घासावं आणि डोळ्यांवर चष्मा असावाच. ग्राइंडर आकार देण्यापुरता. धार लावायची ती १००० ग्रिटच्या दगडावर, आणि शेवटी चामड्याच्या पट्टीवर बफिंगचं हिरवं मिश्रण चोळून पातं पाठीच्या दिशेने ओढायचं.

एका दमात आरपार कापायचं नाही, हा कापणीचा पहिला नियम. आरीने रेघ ओढावी, पहिल्या फेरीत जेमतेम खाच पाडावी; पुढच्या फेऱ्यांत पातं त्याच खाचेत चालतं. पातं उभं धरावं, नाहीतर वरची कड बरोबर येते आणि खालची आत जाते. सरळ कापाला पोलादी पट्टी क्लॅम्पने आवळावी. पट्टी धरणारी बोटं पात्याच्या वाटेत येता कामा नयेत. गोलाईवर मनगट मुरडण्याऐवजी चामडं फिरवावं. आतल्या कोपऱ्यात आधी पंचाने भोक पाडून काप तिथे आणून थांबवावा, म्हणजे पुढे चीर जात नाही. खाली लाकूड किंवा जाड प्लास्टिक हवं. लोखंडी टेबलावर धार क्षणात मरते. मांडीवर ठेवून तर कधीच कापू नये, तिथे मोठी रक्तवाहिनी असते.

यावर पहिला आक्षेप वेळेचा. चार फेऱ्यांना जास्त वेळ लागतो हे खरं, पण वाकडा काप सरळ करण्यात आणि वाया गेलेल्या चामड्यात त्याहून जास्त जातं. दुसरा आक्षेप हातमोज्यांचा. चामडं धरणाऱ्या हातात कापरोधक मोजा जरूर घालावा, पण मोजा आहे म्हणून जोर वाढला तर त्याचा उपयोग संपला. तिसरं, ओलं केलं की सोपं जातं, असं म्हणतात. सालींनी कमावलेल्या चामड्याला हे लागू पडतं. तेही वाळल्यावर आकसतं, म्हणून माप थोडं सढळ ठेवावं. क्रोमने कमावलेलं चामडं ओलं केल्याने फारसं सोपं होत नाही, उलट ताणलं जाऊन माप बिघडतं. लेझरचा पर्याय इथे सहज मिळतो, पण त्याने कड जळते, आणि क्रोमच्या चामड्याचा धूर विषारी असू शकतो. एकाच मापाचे शेकडो नग असतील तर डाय आणि प्रेस हाच शहाणपणा. त्या कामाला हात लावूच नये.

इतकं करूनही काप लागला तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरावं. बोट वाकत नसेल किंवा बधिर वाटत असेल तर वरवरच्या टाक्यांवर भागवू नये. कंडरा किंवा मज्जातंतू तुटलेला असू शकतो, त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठावं. ज्यांच्या हाताखाली नवी मुलं काम करतात त्यांनी धारेचा दगड आणि चामड्याची पट्टी कापणीच्या टेबलावरच ठेवावी. त्यासाठी दोन शेड ओलांडाव्या लागल्या तर कुणी जाणार नाही, नुसता जोर वाढवेल. मुलाला दाबून कापताना पाहिलं की आधी त्याचं पातं मागून घ्यावं आणि धार लावून परत द्यावं.