सरपण कोठून आणावें?

पाठाचा हेतु. सरपण विकत न घेतां तें आसपासच्या ठिकाणांहून कसें मिळवावें, कोणतें घ्यावें, कोणतें सोडावें, आणि आणलेलें सरपण काटकसरीनें कसें जाळावें, ह्याचा विचार ह्या पाठांत केला आहे. घरांतील एकानें हा पाठ मोठ्यानें वाचावा व इतरांनीं ऐकावा. शेवटीं दिलेल्या प्रश्नांचा विचार सर्वांनीं मिळून करावा.

1. फुकट म्हणजे काय?

सन 2016 मध्यें उज्ज्वला योजना निघाल्यापासून खेड्यापाड्यांतील पुष्कळ घरांत गॅसची शेगडी आली. तथापि टाकी रिकामी झाली म्हणजे ती भरून आणण्यास रोख पैसा लागतो, आणि मोलमजुरी करणाऱ्याच्या हातीं तो नेमका त्याच दिवशीं असतोच असें नाहीं. सबब शेगडी कोपऱ्यांत व चूल पेटलेली, असें आजही अनेक घरीं दृष्टीस पडतें. आंघोळीचें पाणी व गुरांचें आंबोण ह्यांसाठीं तर गॅस असलेल्या घरींही चूलच पेटते. चुलीस सरपण पाहिजे, आणि सरपण रानांत फुकट पडलेलें आहे, अशी आपली समजूत असते.

ही समजूत अर्धीच खरी आहे. ज्या लांकडाचे पैसे आपण देत नाहीं, त्याची किंमत दुसरें कोणी तरी देतच असतें. कधीं ती झाड देतें, आणि मग कांहीं वर्षांनीं सगळा गांव देतो. कधीं ती शेजारी देतो, कारण त्याच्या कुंपणाच्या काट्या आपल्या चुलींत गेलेल्या असतात. आणि बहुतेक वेळां ती घरची बाई देते. आपल्या मानेनें देते, पायांनीं देते व डोळ्यांनींही देते. म्हणून चांगलें सरपण कोणतें, असें कोणी विचारिल्यास उत्तर हेंच कीं, जें घेतल्यानें कोणाचें नुकसान होत नाहीं तें. हें माप हातीं धरून पुढील ठिकाणें क्रमानें पाहूं.

2. पहिलें ठिकाण: शेत

सरपणासाठीं रानाकडे पाहण्यापूर्वीं शेताकडे पाहावें. तुराट्या, पऱ्हाट्या, मक्याचीं बुरकुंडें, ज्वारीबाजरीचीं धसकटें, आणि कोंकणांत नारळाच्या झावळ्या, सोडणें व करवंट्या, इतकें सर्व पीक घरांत आल्यावर मागें उरतें. तुराटी चटकन पेटते व लवकर संपते. म्हणून ती पेटवणास ठेवावी आणि मागून जाड लांकूड लावावें. असें केल्यानें थोड्या तुराट्या पुष्कळ दिवस पुरतात.

पऱ्हाटीविषयीं एक सावधगिरी सांगणें अवश्य आहे. कपाशीच्या झाडावर राहिलेल्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून बसते, आणि पुढील हंगामांत तिचा पतंग होऊन नव्या पिकावर जातो. सबब पऱ्हाट्यांच्या गंजी बांधावर पावसाळ्यापर्यंत ठेवूं नयेत. बोंडें झोडून काढून नष्ट करावीं, व काड्या उन्हाळ्यांतच जाळून संपवाव्या. नाहीं तर फुकटच्या सरपणाची किंमत पुढच्या वर्षाच्या कापसांतून द्यावी लागेल.

सर्वच अवशेष चुलीचे नव्हेत. ऊंसाचें पाचट सरींत कुजूं दिलें तर तें जमिनीची ओल राखतें व खत होतें. शेणाचेंही तसेंच आहे. गोवरी जाळिली म्हणजे शेणांतील नत्र धुरांतून निघून जातो, आणि हातीं फक्त राख उरते. दुसरें सरपण मिळत असतां गोवऱ्या थापणें म्हणजे शेताच्या तोंडचा घास काढून चुलीस देणें होय.

ज्यास स्वतःचें शेत नाहीं त्यानें काय करावें? मालकास सरळ विचारावें. पेरणीपूर्वीं धसकटें वेचून शेत मोकळें करावयाचें असतेंच. तें काम करून देऊन धसकटें घरीं न्यावीं, ह्यांत दोघांचेंही हित आहे आणि कोणास मान खालीं घालावी लागत नाहीं. न विचारतां नेलेल्या एका मोळीवरून दोन घरांचें बोलणें वर्षानुवर्षें बंद पडतें, हें आपण सर्व जाणतों.

3. दुसरें ठिकाण: बांध, ओढा व पडीक जागा

आपल्याकडे दोन झाडें अशीं आहेत कीं, तीं कमी झालीं तर जमिनीचें भलेंच होईल. एक वेडी बाभूळ व दुसरी घाणेरी. दोन्हींचें मूळ अमेरिका खंडांत आहे. वेडी बाभूळ आपल्या देशांत एकोणिसाव्या शतकांत आणिली गेली. गुरें तिच्या शेंगा खातात, शेणांतून बी पडतें, आणि ओढ्याचे कांठ व गायरानें तिनें भरून जातात. तोडली तरी बुंध्यापासून पुन्हां फुटते. तिचें लांकूड जड असून त्याचा विस्तव कडक होतो. ती तोडतांना मात्र पायांत जाड वहाण असावी, कारण तिचा कांटा मोडून आंत राहिला तर जखम चिघळते. घाणेरीच्या काड्या बारीक असल्यानें पेटवणास चांगल्या. दुसऱ्याच्या जमिनींत हीं झुडपें असलीं तरी विचारूनच तोडावीं. बहुधा नाहीं म्हणणारा कोणी भेटणार नाहीं.

वळवाच्या पावसाआधींचें वादळ झाडांच्या वाळलेल्या फांद्या आपोआप खालीं टाकतें. दुसरे दिवशीं सकाळीं जो बाहेर पडतो त्यास कोयता न चालवितां मोळी मिळते. सुताराच्या कामाच्या जागीं ढलप्या मिळतात, त्याही मागून घ्याव्या.

4. शेवटचें ठिकाण: जंगल

जंगलांत जाण्यापूर्वीं कायदा ठाऊक असावा. 1927 च्या भारतीय वन कायद्याप्रमाणें राखीव जंगलांत परवानगीवांचून झाड तोडणें तर गुन्हा आहेच, परंतु तेथील वनोपज गोळा करून नेणें हाही गुन्हा आहे. उलटपक्षीं 2006 च्या वनहक्क कायद्यानें, पिढ्यान्‌पिढ्या जंगलाच्या आधारानें राहणारे आदिवासी व इतर पारंपरिक वननिवासी ह्यांचा गौण वनोपजावरील हक्क मान्य केला. आणि गौण वनोपजांत झुडपी लांकूड व झाडांचे खुंट ह्यांचा नांवानिशीं समावेश आहे. हा दावा प्रथम ग्रामसभेपुढें मांडावयाचा असतो. गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा (लेखा) ह्या लहानशा गांवाच्या ग्रामसभेस 2009 सालीं सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. ज्यांचा असा हक्क असेल त्यांनीं चोरासारखें पहाटे जंगलांत शिरूं नये. ग्रामसभेंत बसून आपला हक्क लेखी करून घ्यावा. शिवाय महाराष्ट्रांत 1964 च्या वृक्षतोडीच्या कायद्यान्वयें आंबा, चिंच, मोह, साग अशा ठराविक जातींचीं झाडें आपल्या स्वतःच्या जमिनींतलीं असलीं तरी परवानगीवांचून तोडतां येत नाहींत.

कायद्याहून जुना एक नियम आहे. जी फांदी हातानें मोडते ती वाळलेली समजावी व घ्यावी. जिला कुऱ्हाड लागते ती झाडाची समजावी. पोकळ झालेलें उभें झाड सोडून द्यावें, कारण त्याच्या ढोलींत घुबड, पोपट व मधमाशा राहतात. कुजत पडलेला ओंडका तसाच राहूं द्यावा; त्याची माती होते, आणि चुलींत तो नुसता धुमसतो. अहिल्यानगर जिल्ह्यांतील राळेगण सिद्धी व हिवरे बाजार ह्या गांवांनीं कुऱ्हाडबंदी व चराईबंदी हे नियम आपणच आपणांवर घालून घेतले, आणि जोडीस पाणी अडविण्याचीं कामें केलीं. तेथील उजाड डोंगर पुन्हां हिरवे झाले. गांवानें मनांत आणिलें तर काय होतें हें त्यावरून दिसतें.

चंद्रपूर जिल्ह्यासारख्या ठिकाणीं सरपणास, मोहफुलांस किंवा तेंदूपानांस गेलेल्या माणसांवर वाघानें झडप घातल्याचें वरचेवर घडतें. वाकून काम करणारें एकटें माणूस अशा वेळीं फार धोक्यांत असतें. म्हणून एकटीनें कधीं जाऊं नये. चारचौघींनीं मिळून, चांगलें उजाडल्यावर, मोठ्यानें बोलत जावें व दिवस मावळण्यापूर्वीं परतावें. पडलेलें लांकूड आधीं काठीनें उलटवावें, कारण त्याखालीं विंचू किंवा साप असतो.

5. कोणतें लांकूड चुलींत घालूं नये?

कण्हेर विषारी आहे. तिची काटकी सरपणांत येऊं देऊं नये. बिब्ब्याच्या लांकडाच्या धुरानें अंगावर फोड येतात. शेराचा चीक डोळ्यांत गेल्यास डोळ्यास मोठी इजा होते. रंग दिलेल्या फळ्या, प्लायवूड व डांबरी तेल पाजलेले रेल्वेचे जुने स्लीपर ह्यांचा धूर अन्नाजवळ नसावा. पेटवणासाठीं प्लास्टिक जाळण्याची संवय कांहीं घरीं दिसते, तीही सोडावी.

6. ओलें सरपण हा तोट्याचा व्यवहार

नुकत्याच तोडलेल्या लांकडाच्या वजनांत जवळजवळ अर्धें पाणी असूं शकतें. समजा, एखाद्या बाईनें वीस किलोंची ओली मोळी दोन कोस वाहून आणिली. तिच्यांत सुमारें दहा किलो नुसतें पाणी असणार. म्हणजे तिच्या डोक्यावर एका हंड्याइतकें पाणी होतें, आणि तेंही पितां न येणारें.

तोटा इतक्यावर थांबत नाहीं. चूल पेटली म्हणजे त्या पाण्याची वाफ झाल्याशिवाय लांकूड नीट जळत नाहीं. थंड पाण्यास उकळी आणण्यास जितकी उष्णता लागते, तिच्या पांचपटींहून अधिक उष्णता त्याच पाण्याची वाफ करण्यास लागते. ही सगळी उष्णता भाताच्या भांड्याखालून चोरीस जाते, आणि तिच्या जागीं मिळतो तो धूर.

ह्यावर उपाय सोपा आहे. तोडलेलीं झुडपें जागच्या जागीं चारआठ दिवस उन्हांत वाळूं द्यावीं व मग मोळी बांधावी. त्याच खेपेस अधिक सरपण येतें. घरीं जाड लांकूड फोडून ठेवावें, कारण फोडलेलें लवकर वाळतें. सरपण जमिनीस टेकवूं नये. दोन दगडांवर रचून वरून छप्पर करावें व बाजू मोकळ्या ठेवाव्या. पावसाळ्याची बेगमी वैशाखांतच पुरी करावी.

7. धूर व डोळे

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें 2020 ह्या एका वर्षांत घरांतील धुरामुळें जगांत सुमारें 32 लाख माणसें मृत्यु पावलीं. चुलीपुढें बसणारी आई व तिच्या मांडीवरचें मूल ह्यांच्या छातींत हा धूर सर्वांत अधिक जातो. म्हणून चुलीवर धुराडें किंवा निदान वरच्या बाजूस झरोका असावा. एका वेळीं थोडीच लांकडें लावावीं व त्यांच्यामध्यें हवा खेळूं द्यावी. भांड्यावर झांकण ठेवावें. डाळ रात्रीं भिजत घालावी. स्वयंपाक झाल्यावर लांकडें बाहेर ओढून विझवावीं. टाकी भरण्यास पैसा असेल तेव्हां आधीं तान्ह्या मुलाच्या घरांत गॅस पेटवावा. ही चैन नव्हे. उरलेली राख मात्र टाकूं नये; तींत पालाश व चुना असतो, ती शेतास द्यावी.

8. आपलें सरपण आपण लावावें

घेण्याबरोबर लावणेंही शिकलें पाहिजे. गिरिपुष्प, सुबाभूळ व शेवरी हीं झाडें बांधावर सहज येतात, आणि छाटलीं तरी पुन्हां फुटतात. गिरिपुष्पाची जून फांदी पावसाळ्याच्या आरंभीं रोविली तरी जगते. त्याच्या पाल्याचें खत होतें व काड्यांचें सरपण. छाटतांना धारदार कोयत्यानें तिरपा काप घ्यावा, म्हणजे पाणी सांचून बुंधा कुजत नाहीं. सर्व झाडें एकदम छाटूं नयेत. आळीपाळीनें छाटावीं, म्हणजे दरवर्षीं कांहीं तरी हातीं येतें. अशी एक ओळ बांधावर उभी राहिली म्हणजे घरच्या मुलीची दर आठवड्याची एक तरी खेप वांचते, आणि तो वेळ तिला शाळेस देतां येतो.

विचारासाठीं प्रश्न

(1) आपल्या घरीं आठवड्यास किती मोळ्या लागतात, व त्या कोण आणतें? पुरुषमाणसांचा त्यांत किती वांटा आहे?
(2) आपल्या शेतांतील कोणते अवशेष वायां जातात, आणि कोणते चुलीपेक्षां जमिनीस द्यावे?
(3) आपल्या शिवारांत वेडी बाभूळ कोठें आहे? ती तोडून वांटून घेण्याचें काम गांवानें मिळून करतां येईल काय?
(4) आपल्या ग्रामसभेनें वनहक्काचा दावा केला आहे काय? नसल्यास कां नाहीं?
(5) येत्या पावसाळ्यांत आपल्या बांधावर कोणतीं दहा झाडें लावावीं, व त्यांची राखण कोणी करावी?