दिसले तेवढेच खरे काय?

(इयत्ता ६ वी व ७ वी : भाषा आणि नागरिकशास्त्र यांचा संयुक्त पाठ)

पाठाचा हेतू

पूर्वी गावात बातमी येई ती कोणातरी माणसाबरोबर. सांगणारा कोण, तो कोठून आला, त्याच्या बोलण्यात तिखटमीठ किती असते, हे ऐकणाऱ्यास ठाऊक असे. आणि त्या मानाने तो बातमीवर विश्वास ठेवी. आज व्हॉट्सॲप, फेसबुक आदी समाजमाध्यमांतून येणारा मजकूर बहुधा ओळखीच्याच माणसाकडून हाती येतो. परंतु त्याचा मूळ कर्ता कोण, हे त्या ओळखीच्या माणसासही ठाऊक नसते. तरीही पाठविणाऱ्यावरचा विश्वास मजकुराला आपोआप चिकटतो. हा फरक मुलांच्या ध्यानात आणून देणे, हा प्रस्तुत पाठाचा हेतू आहे.

विषयप्रवेश

दि. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे पाच जणांचा जमावाच्या मारहाणीत मृत्यू झाला. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते. भिक्षा मागत गावोगाव फिरणे हा या समाजाचा पिढीजात जीवनक्रम होय. त्या दिवशी तेथे आठवड्याचा बाजार होता. मुले पळविणारी टोळी फिरत आहे, अशी अफवा त्यापूर्वीच परिसरात मोबाइलवरून पसरलेली होती. या परक्या माणसांचा संशय येताच लोकांनी त्यांना पकडले आणि ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून मारले. त्यांनी कोणाचेही मूल पळविलेले नव्हते.

भिक्षेकरी दारात येणे ही खेड्याला नवी गोष्ट नव्हे. मग तोच माणूस एकाएकी चोर का दिसू लागला? कारण उघड आहे. तो माणूस गावात येण्यापूर्वी त्याच्याविषयीचे चित्र गावात येऊन बसले होते. लोकांनी समोरच्या माणसाकडे पाहिलेच नाही. मोबाइलमधील चित्र त्याच्या अंगावर चढविले आणि त्या चित्राला शिक्षा केली.

विवेचन

त्या वर्षी भारतभर फिरलेल्या एका चित्रफितीचे उदाहरण येथे उपयोगी आहे. रस्त्यावर मुले खेळत आहेत, मोटारसायकलवरून दोघे येतात आणि एका मुलाला उचलून नेतात, असे तीत दिसे. ही चित्रफीत मुळात पाकिस्तानातील कराची शहरात, मुलांच्या सुरक्षिततेविषयी पालकांना सावध करण्यासाठी तयार केलेली होती. मूळ फितीच्या अखेरीस ते दोघे मुलाला परत आणून सोडतात व सूचनेचा फलक दाखवितात. कोणीतरी तेवढाच शेवट कापून टाकला आणि उरलेला भाग खरी घटना म्हणून फिरविला. डोळ्यांना दिसले त्यात बनावट असे काहीच नव्हते. पण जे कापले होते, त्यातच खरा अर्थ होता. ‘मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले’ हे वाक्य म्हणूनच आता पुराव्यास पुरे पडत नाही.

खोटे इतक्या वेगाने का पसरते? अमेरिकेतील तीन संशोधकांनी ट्विटरवर २००६ ते २०१७ या काळात फिरलेल्या सुमारे १ लाख २६ हजार बातम्या तपासून २०१८ मध्ये आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. खरी बातमी पुढे धाडली जाण्याचा जितका संभव, त्याहून खोटीचा ७० टक्के अधिक, असे त्यांस आढळले. याचे मुख्य कारण यंत्रे नसून माणसेच होती. खोट्यात नवलाई असते, आणि नवल दुसऱ्यास सांगावेसे वाटते.

जुलै २०१८ मध्ये व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे धाडता येईल, असे बंधन घातले. एप्रिल २०२० पासून, अनेकदा पुढे धाडलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठविता येतो. अशा बंधनाने वेग कमी होतो; खऱ्याखोट्याची निवड मात्र वाचणाऱ्यासच करावी लागते.

पाठ कसा घ्यावा

१. मोठ्या चित्राचा एक भाग कोऱ्या कागदाने झाकून ते वर्गात दाखवावे. मुलांनी काय दिसते ते पाटीवर लिहावे. नंतर कागद काढावा आणि आपले कोणते वाक्य पाहिलेले होते व कोणते कल्पिलेले होते, ते मुलांकडूनच निवडून घ्यावे.

२. पुढील चार प्रश्न फळ्यावर लिहून द्यावेत : हे प्रथम कोणी सांगितले? कोठले व केव्हाचे आहे? यातले काय गाळले असेल? हे वाचून मला राग किंवा भीती का वाटली?

३. अनोळखी माणसाविषयी खरोखर शंका आल्यास काय करावे, याची चर्चा घ्यावी. घरच्या मोठ्या माणसांस अथवा गुरुजींस सांगणे आणि पोलिसांस कळविणे हा मार्ग. गर्दी जमविणे हा नव्हे.

शिक्षकांसाठी सूचना

मारहाणीची दृश्ये वर्गात मुळीच दाखवू नयेत. भटक्या समाजातील मूल वर्गात असल्यास त्याच्याकडे सर्वांच्या नजरा वळतील असे बोलणे टाळावे. प्रत्येक गोष्टीवर अविश्वास ठेवावा, अशीही शिकवण मुलांच्या मनावर ठसू नये. तसे झाल्यास लसीकरणाची वा पुराची खरी सूचनाही ती मानणार नाहीत. चौकशी करावी आणि चौकशीअंती विश्वास ठेवावा, हे त्यांना कळले पाहिजे.

गावात शिक्षकाच्या शब्दाला वजन असते. ‘गुरुजींनी पाठविले आहे’ एवढ्यावरच पुष्कळ पालक एखादा संदेश खरा मानतात. म्हणून फळ्यावरील चार प्रश्न शिक्षकाने प्रथम आपल्या मोबाइलला लावावेत.

स्वाध्याय

घरी आलेला कोणताही एक संदेश वहीत उतरून घ्या. चार प्रश्नांची उत्तरे घरच्यांच्या मदतीने शोधा. ज्या प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही, त्यापुढे ‘ठाऊक नाही’ असे स्पष्ट लिहा. असे उत्तर प्रामाणिकपणे लिहिणाऱ्या मुलास पूर्ण गुण द्यावेत.