जुन्या बुलेटचे किरकोळ दोष: निदानाचा क्रम आणि दुरुस्तीची शिस्त

जुन्या मोटारसायकलीवर होणारा बराचसा खर्च मूळ दोषापेक्षा त्यावर घाईने केलेल्या उपायांमुळे वाढतो, आणि मद्रासच्या एन्फिल्ड इंडिया कंपनीने १९५५ पासून बनवलेल्या बिडाच्या सिलिंडरच्या बुलेटइतका याचा प्रत्यय क्वचितच दुसऱ्या गाडीवर येतो. ७० मिलिमीटर व्यासाचे सिलिंडर आणि ९० मिलिमीटर लांबीचा स्ट्रोक असलेले हे ३४६ घनसेंटिमीटरचे इंजिन रचनेने इतके साधे आहे, की त्याचे बहुतेक किरकोळ दोष मल्टिमीटर, टेस्ट लॅम्प आणि नेहमीच्या पान्यांच्या साह्याने घरी शोधता येतात. मात्र याच साधेपणामुळे मालकाला आणि कधीकधी मेकॅनिकलाही निदान न करताच सुटे भाग बदलण्याचा मोह पडतो.

जीर्णोद्धार केलेल्या गाड्यांमध्ये वारंवार दिसणारा एक प्रकार या दृष्टीने बोधप्रद आहे. चासी खरवडून तिला पावडर कोटिंग केले जाते, इंजिन चकचकीत होऊन परत बसते, आणि थोड्याच दिवसांत हॉर्न दाबताच हेडलाइट मंदावू लागतो, ब्रेक दाबला की इंडिकेटर अडखळतो. प्रथम बॅटरी बदलली जाते, मग रेग्युलेटर, त्यानंतर कॉइल. तरीही दोष तसाच राहतो, कारण तो यांपैकी कशातच नसतो. बॅटरीचे एक टोक चासीला जोडलेले असते आणि प्रत्येक दिव्याचा प्रवाह चासीच्या लोखंडातूनच बॅटरीकडे परततो. या परतीच्या मार्गाला गॅरेजच्या भाषेत अर्थिंग म्हणतात. अर्थिंगच्या बोल्टखाली रंगाचा जाड थर राहिला, की हा मार्ग अरुंद होतो आणि एका दिव्याचा प्रवाह दुसऱ्या दिव्याच्या वाटेने परतू पाहतो. सँडपेपरने रंग काढून, धातू उघडा करून, त्यावर पेट्रोलियम जेलीचा हलका हात फिरवून बोल्ट पुन्हा आवळणे एवढाच या दोषावरचा उपाय असतो.

अर्थिंगची परीक्षा अंदाजाने करू नये. हेडलाइट लावून मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या अर्थिंगच्या टोकावर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर टेकवली असता काट्याने ०.२ व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून कमी अंतर दाखवावे. अर्धा व्होल्ट किंवा अधिक दिसल्यास वाटेत कुठे तरी गंज, रंग किंवा सैल जोड आहे असे निश्चित समजावे. सहा व्होल्टच्या जुन्या गाड्यांत ही तपासणी अधिक महत्त्वाची ठरते, कारण ३६ वॅटचा दिवा बारा व्होल्टवर तीन अँपिअर घेत असेल, तर सहा व्होल्टवर तो सहा अँपिअर घेतो आणि तेवढ्याच अडथळ्यामुळे होणारी व्होल्टेजची घट दुप्पट होते.

हेडलाइटच्या घरावर बसवलेला ॲमीटर, म्हणजे बॅटरीत येणारा व बॅटरीतून जाणारा प्रवाह दाखवणारा काटा, हे या गाडीवरील सर्वांत उपयुक्त निदानसाधन आहे. पॉइंट-कॉइल व्यवस्था असलेल्या गाडीत दिवे बंद ठेवून चावी फिरवावी आणि सिलिंडरमधील दाब सोडणारा डिकॉम्प्रेसर दाबून किक सावकाश खाली न्यावी; पॉइंट, म्हणजे कॉइलचा प्रवाह ठराविक क्षणी तोडणारे संपर्क, मिटलेले असताना काटा वजा बाजूकडे झुकतो आणि उघडताच मध्यावर परततो. काटा मुळीच हलला नाही, तर फ्यूज, चावीचा स्विच, तुटलेली वायर किंवा पॉइंटवर साचलेले तेल यांचा शोध घ्यावा. तो सतत वजा बाजूकडेच राहिला, तर पॉइंट उघडत नाहीत, किंवा पॉइंटवरील ठिणगी दाबणारा कंडेन्सर अथवा त्याची वायर शॉर्ट झाली आहे असे समजावे. पॉइंटची फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवावी, आणि पॉइंटवर मोठी, फटफटणारी ठिणगी दिसत असूनही प्लगवर पिवळट, अशक्त ठिणगी येत असेल, तर कॉइलआधी कंडेन्सर बदलून पाहावा. तपासणी संपताच चावी बंद करणे आवश्यक आहे, कारण मिटलेल्या पॉइंटमधून सतत वाहणारा प्रवाह कॉइल तापवतो आणि बॅटरीही उतरवतो.

फ्यूज वारंवार उडत असेल, तर जाड फ्यूज किंवा तारेचा तुकडा घालणे हा आग लावण्याचा खात्रीचा मार्ग आहे. त्याऐवजी सर्व स्विच बंद करून फ्यूजच्या जागी बारा व्होल्टचा २१ वॅटचा बल्ब जोडावा. तो पूर्ण तेजाने पेटला, तर शॉर्ट अद्याप कायम आहे असा त्याचा अर्थ, आणि एकेक जोड सोडत गेल्यास ज्या जोडाशी तो विझतो, त्या शाखेत दोष सापडतो. हँडल वळवताना बल्ब लुकलुकल्यास हँडलच्या मानेपाशी घासलेली वायर हमखास मिळते. चार्जिंगची खात्री करण्यासाठी बॅटरीच्या टोकांवर मोजावे: इंजिन बंद असताना पूर्ण भरलेली बारा व्होल्टची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास, आणि इंजिन थोडे वेगात असताना सुमारे १४ व्होल्ट दाखवते. हा आकडा १५ च्या पुढे गेला, तर रेग्युलेटर निकामी झाला असून बल्ब आणि बॅटरी या दोहोंचा नाश जवळ आहे. कोकण किनाऱ्यावरील खारट, दमट हवेत जोडांना हिरवट गंज लवकर चढतो, म्हणून तेथे प्रत्येक पावसाळ्यानंतर कनेक्टर सुटे करून साफ करणे इष्ट.

तेलगळतीचे निदान करताना सर्वांत मोठी अडचण अशी, की तेल ज्या ठिकाणी ठिबकते, त्या ठिकाणी ते क्वचितच बाहेर पडलेले असते; वाऱ्याने ते मागे सरकते आणि वजनाने खाली येते. म्हणून इंजिन रॉकेल किंवा डिझेलने धुऊन, कोरडे करून, त्यावर टाल्कम पावडर शिंपडावी, थोडे अंतर चालवावे आणि ओलावा जिथे सर्वांत उंच व सर्वांत पुढे दिसेल, ती जागा मूळ मानावी. संशयाच्या नेहमीच्या जागा ठरलेल्या आहेत: रॉकरची झाकणे, सिलिंडरच्या तळाशी असलेले टॅपेटचे दार, टायमिंग कव्हर, तेल गाळणीची टोपी, तेल काढून टाकण्याच्या बोल्टखालचे वॉशर, आणि एकाच मध्यवर्ती नटवर बसलेले प्रायमरी चेनचे बाहेरील झाकण. गळणारे तेल कोठले, हेही ओळखावे, कारण इंजिन, प्रायमरी चेनकेस आणि गिअरबॉक्स यांचे कप्पे वेगळे आहेत. जुन्या गिअरबॉक्समध्ये तर घट्ट ग्रीस वापरण्याची पद्धत होती, आणि तेथे नुसते पातळ तेल भरल्यास त्याला वाट मिळणारच.

पॅकिंग बदलण्यापूर्वी दोन गोष्टी पाहणे अगत्याचे आहे. पहिली म्हणजे तेलाची पातळी: बराच काळ उभ्या राहिलेल्या बुलेटमध्ये तेल टाकीतून हळूहळू क्रँककेसमध्ये झिरपते, त्यामुळे थंड अवस्थेत पातळी कमी दिसते, तिच्यावर विसंबून तेल वाढवले, तर चालू होताच ते दाबाने बाहेर फेकले जाते. म्हणून इंजिन काही मिनिटे चालवूनच पातळी तपासावी. दुसरी गोष्ट ब्रीदर, म्हणजे क्रँककेसमधील हवेचा दाब बाहेर सोडणारी नळी. ती तुंबली किंवा पिस्टनच्या रिंगा झिजून दाब वाढला, तर उत्तमातील उत्तम पॅकिंगही टिकत नाही आणि एक जागा बंद केली की तेल दुसरीकडून वाहू लागते.

झाकणाचा बोल्ट अधिक आवळल्याने गळती थांबते ही समजूत घातक आहे, कारण ॲल्युमिनियमचे झाकण त्यामुळे वाकते आणि आतील आटे निघतात. झाकणाची कडा सपाट आहे का हे जाड काचेवर ठेवून पाहावे, आणि वाकलेली असल्यास काचेवर चिकटवलेल्या बारीक सँडपेपरवर फिरवून ती सरळ करावी. सिलिकॉनचा लेपही अत्यंत पातळ असावा. दाबला जाऊन आत आलेला तुकडा सुटून तेलाच्या बारीक वाटेत अडकला, तर काही रुपयांच्या गळतीचे रूपांतर बेअरिंग जळण्यात होते.

वेळेचे बंधन मात्र एकाच बाबतीत आहे: तेल मागच्या टायरवर किंवा ब्रेकवर जात असेल, तर ते थांबेपर्यंत गाडी रस्त्यावर आणू नये. इतर सर्व दोषांत थोडी सबुरी स्वस्त पडते. प्रत्येक मालकाने एका वेळी एकच गोष्ट बदलावी, बदलानंतर मोजमाप पुन्हा घ्यावे, त्याची तारखेसह वहीत नोंद ठेवावी आणि दोषाची जागा नक्की होईपर्यंत सुट्या भागांच्या दुकानाची पायरी चढू नये.