मोटारींतील सबवूफर मध्येंच मुका कां होतो?

विज्ञानाच्या तासाला ओहमचा नियम घोकतांना ‘ह्याचा व्यवहारांत उपयोग काय?’ असा प्रश्न तुमच्यापैकीं अनेकांच्या मनांत येत असेल. कोलोन येथील एका शाळेंत गणित व पदार्थविज्ञान शिकविणाऱ्या गेऑर्ग ओहम ह्यानें हा नियम १८२७ सालीं ग्रंथरूपानें मांडला. आज मोटारीच्या डिकींत बसविलेल्या सबवूफरची खोड काढावयाची झाली, तरी त्याच नियमाला शरण जावें लागतें. एका पालकांच्या प्रवासी मोटारीचेंच उदाहरण घेऊं.

लग्नसराईच्या तोंडावर त्यांच्या मोटारींतील सबवूफर त्रास देऊं लागला. आवाज हळू ठेवला तर सर्व ठीक. थोडा वाढविला कीं ढोलाच्या ठोक्यासरशी ॲम्प्लिफायरवरील तांबडा दिवा लागे, आवाज बंद होई आणि दोनतीन सेकंदांनीं पुनः सुरू होई. एका दुकानदारानें सांगितलें, “ॲम्प्लिफायर जळाला, नवा घ्या.” नव्याची किंमत घरांतील मुलांच्या वर्षाच्या वह्यापुस्तकांच्या खर्चाहून कितीतरी अधिक होती. तेव्हां पैसे मोजण्यापूर्वीं विचार करणें अगत्याचें होतें. विचार करूं लागतांच पहिली शंका अशी येते कीं, जळालेलें यंत्र ठोक्याठोक्याला मरून पुनः जिवंत होईल कसें?

प्रथम ॲम्प्लिफायर करतो काय, तें समजून घेऊं. मोटारीची बॅटरी १२ व्होल्टांची. सबवूफरच्या कॉइलचा रोध ४ ओहम धरला, तर ध्वनिलाटेच्या शिखरावर पूर्ण १२ व्होल्ट मिळाले तरी सरासरी शक्ति १२ चा वर्ग भागिले ८, म्हणजे १८ वॅटच होते. एवढ्या बळावर ढोलाचा घुमारा उठत नाहीं. म्हणून ॲम्प्लिफायर आपल्या पोटांत १२ व्होल्टांचे कितीतरी अधिक व्होल्ट करतो. परंतु शक्ति कांहीं शून्यांतून निर्माण होत नाहीं. ४०० वॅट बाहेर द्यावयाचे, तर चांगल्या यंत्रालाहि सुमारें ५०० वॅट आंत घ्यावे लागतात. म्हणजे साडेबारा व्होल्टांवर ४० अँपिअर! मोटारीचे पुढचे दोन्ही दिवे मिळून सुमारें १० अँपिअर घेतात, त्याच्या हे चौपट झाले.

हा प्रवाह बॅटरीच्या धन टोकापासून जाड तांबड्या तारेनें डिकींत जातो आणि परत येतो तो मोटारीच्या लोखंडी सांगाड्यांतून. काळी अर्थ-तार हातभर लांबीची. ती जवळच सांगाड्याला बोल्टानें आंवळलेली असते. आखूड म्हणून तिजकडे कोणी लक्ष देत नाहीं.

तांबडा दिवा म्हणजे यंत्राचा संरक्षक पहारेकरी. तो चार कारणांनीं जागा होतो: स्पीकरचा रोध फार कमी असणें, स्पीकरची तार सांगाड्याला चिकटणें, यंत्र तापणें, किंवा येणारे व्होल्ट घटणें. तार चिकटलेली असती, तर दिवा हळू आवाजांतहि लागला असता. यंत्र तापलें असतें, तर दोनतीन सेकंदांत निवलें नसतें. तारा सोडवून सबवूफरचा रोध मोजला, तो ३·५ ओहम भरला. ४ ओहमांचा स्पीकर मल्टिमीटरवर इतकाच दिसतो. राहिलें एकच कारण.

दुकानदारानें अर्थ-तार तपासली नव्हती असें नाहीं. त्यानें मीटर लावला, मीटर ‘टुंई’ वाजला आणि जोड ठीक ठरला. परंतु वाजणारा मीटर केवळ ‘वाट आहे’ एवढेंच सांगतो. ती वाट राजरस्ता कीं पायवाट, हें सांगत नाहीं. साध्या मीटरच्या स्वतःच्या तारांचाच रोध ओहमाच्या एकदोन दशांशांइतका असतो, आणि येथें तर शतांशांचा प्रश्न होता. असा बारीक रोध पकडावयाचा, तर त्यांतून मोठा प्रवाह चालू असतांनाच त्याच्या दोन्ही टोकांमधील व्होल्ट मोजले पाहिजेत.

गाण्याचा ठोका मीटरला पकडतां येत नाहीं, म्हणून ५० हर्ट्‌झचा अखंड सूर लावला आणि दिवा लागणार नाहीं इतपतच आवाज ठेवला. इंजिन चालू होतें. तांबड्या तारेभोंवतीं धरलेला क्लॅम्प मीटर ४० अँपिअर दाखवीत होता. बॅटरीपाशीं १३·४ व्होल्ट, पण ॲम्प्लिफायरपाशीं १०·६ च! मधले २·८ व्होल्ट गेले कोठें? तांबड्या तारेच्या दोन टोकांमध्यें ०·४. सांगाडा व बॅटरीचें ऋण टोक ह्यांमध्यें ०·२. आणि ॲम्प्लिफायरचें अर्थ-टोक व जवळचाच उघडा पत्रा ह्यांमध्यें २·२! चोर सांपडला. आवाज थोडा वाढविला कीं व्होल्ट १० च्या आसपास उतरत आणि पहारेकरी दार लावून घेई.

आतां ओहमचा नियम लावा. २·२ भागिले ४० म्हणजे ०·०५५ ओहम. एवढासा रोध, पण २·२ गुणिले ४० म्हणजे ८८ वॅट उष्णता त्या एका बोल्टापाशीं! पुढच्या दिव्याच्या एका बल्बाहून ही अधिक. बोल्ट हात लावूं देत नव्हता आणि त्याला लागूनच डिकींतील गालिचा होता. ॲम्प्लिफायर नवा आणून त्याच बोल्टाला जोडला असता, तर पैसे गेलेच असते आणि मोटारीला आगीचें भयहि राहिलें असतें.

बोल्ट काढतांच खालीं रंगाचा थर व गंज दिसला. पत्रा चकचकीत होईतों घांसला, दांतेरी वॉशर घालून बोल्ट आंवळला, वरून गंजरोधक रंग दिला. पुनः मोजतां तेथें ०·१ व्होल्टाहूनहि कमी भरले. खर्च एका वॉशरचा. अर्थासाठीं सीटबेल्टचा बोल्ट मात्र कधींहि वापरूं नये, आणि काळी तार तांबडीइतकीच जाड असावी.

हें काम वडील माणूस जवळ असल्यावांचून करूं नका. पहिल्यानें बॅटरीचें ऋण टोक सोडवावें. कारण धन टोक सोडवितांना पाना सांगाड्याला लागला, तर ठिणग्यांचा लोळ उठतो. बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरांच्या आंत बसवावयाचा फ्यूज तारेच्या रक्षणासाठीं असतो. तो वारंवार जात असल्यास मोठा फ्यूज घालणें म्हणजे घरांतील कुत्रा भुंकतो म्हणून त्याचें तोंड बांधणें होय.

ॲम्प्लिफायरवर कोणताच दिवा लागत नसेल, तर वाट निराळी. फ्यूज शाबूत असल्यास रेडिओकडून येणारी बारीक रिमोट-तार पाहावी; रेडिओ चालू असतांना तिच्यावर १२ व्होल्ट मिळाले पाहिजेत. दिवा हिरवा असून आवाज नसेल, तर सबवूफरच्या तारा सोडवून त्याच्या टोकांना दीड व्होल्टाचा सेल क्षणभर लावावा. पडदा हलला तर कॉइल शाबूत. न हलला तर ती तुटली. पडदा बोटांनीं हलकेच दाबतांना खरखर लागली, तर कॉइल चुंबकाच्या खांचेंत घांसत आहे असें समजावें. ह्या शेवटच्या दोन प्रसंगीं मात्र कॉइल नवी बसविणें किंवा स्पीकर बदलणें ह्यावांचून इलाज नाहीं.