मिलिग्रॅम ते मिलिलिटर : औषधाच्या मात्रेचे गणित

रुग्णालयात डॉक्टर रोगाचे निदान करून औषध लिहून देतात आणि औषधनिर्माता ते भांडारातून उपलब्ध करून देतो. परंतु रुग्णाच्या मुखात किंवा शिरेत ते औषध प्रत्यक्ष जाते ते परिचारिकेच्या हातून. त्यापूर्वी कोठे चूक झाली असेल, तर ती ओळखण्याची अखेरची संधी तिलाच मिळते. तिच्या हातून चूक झाल्यास मात्र ती अडविणारे पुढे कोणी नसते. म्हणूनच औषध देणे हे परिचर्येतील सर्वांत नित्याचे आणि त्याचबरोबर अत्यंत जोखमीचे काम होय.

या कामाची एक बाजू गणिताची आहे. केसपेपरवर औषधाची मात्रा ग्रॅम, मिलिग्रॅम किंवा युनिटमध्ये लिहिलेली असते. परिचारिकेच्या हातातील सिरिंजवर मात्र बहुधा मिलिलिटरच्या खुणा असतात. एका मापातून दुसऱ्या मापात जाण्याचा हा हिशेब तिला प्रत्येक पाळीत अनेकदा करावा लागतो. तो शाळेत शिकलेल्या त्रैराशिकाहून अवघड नाही. परंतु रात्रपाळीत, गजबजलेल्या कक्षात, एकीकडे नातेवाइकांचे प्रश्न आणि दुसरीकडे नव्याने दाखल होणारा रुग्ण अशा धावपळीत तो करावा लागतो, आणि उत्तर चुकल्यास त्याची किंमत रुग्णाला मोजावी लागते.

जागतिक स्तरावरील दखल

अमेरिकेतील ‘इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन’ या संस्थेने १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात, त्या देशातील रुग्णालयांत टाळता येण्याजोग्या चुकांमुळे दरवर्षी ४४ हजार ते ९८ हजार रुग्ण दगावत असावेत, असा अंदाज वर्तविला होता. बहुतेक चुकांचे मूळ एखाद्या कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणात नसून सदोष कार्यपद्धतीत असते, हा त्या अहवालाचा महत्त्वाचा निष्कर्ष होता. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०१७ मध्ये औषधोपचारातील गंभीर व टाळता येण्याजोगी हानी पाच वर्षांत निम्म्यावर आणण्याचे आवाहन सर्व देशांना केले. १७ सप्टेंबर हा जागतिक रुग्णसुरक्षा दिन २०२२ साली याच विषयाला वाहिलेला होता. भारत सरकारनेही २०१८ ते २०२५ या कालावधीसाठी रुग्णसुरक्षेचा राष्ट्रीय आराखडा तयार केला. तथापि अशा आराखड्यांचे यश अखेर कक्षातील औषधांच्या ट्रॉलीपाशीच ठरते.

पाच गोष्टींची खातरजमा

परिचर्या शिक्षणात औषध देण्यापूर्वी पाच गोष्टी पडताळण्याचा पाठ पहिल्या वर्षापासून दिला जातो : योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ. पुढे त्यात योग्य नोंदीचीही भर पडली. रुग्णाची ओळख खाटेच्या क्रमांकावरून न पटविता त्याला त्याचे पूर्ण नाव विचारावे. ‘तुम्ही पाटील का?’ असे विचारल्यास ग्लानीतील रुग्ण होकारार्थी मान हलवितो. ‘आपले नाव काय?’ असे विचारल्यास त्याला स्वतः उत्तर द्यावे लागते. औषधाची चिठ्ठी तीनदा वाचावी : कुपी कपाटातून घेताना, औषध सिरिंजमध्ये भरताना आणि कुपी परत ठेवताना. या पाचांपैकी मात्रेची खातरजमा केवळ वाचून होत नाही. त्यासाठी हिशेब करावा लागतो.

हिशेबाचे सूत्र

मात्रेच्या हिशेबाचे सूत्र एकच आहे. लिहून दिलेल्या मात्रेला हाताशी असलेल्या औषधातील मात्रेने भागावे आणि ती मात्रा जितक्या मिलिलिटरमध्ये असेल त्या आकड्याने गुणावे. भागाकारापूर्वी दोन्ही मात्रा एकाच एककात आणणे मात्र अनिवार्य आहे. एक ग्रॅम म्हणजे १,००० मिलिग्रॅम आणि एक मिलिग्रॅम म्हणजे १,००० मायक्रोग्रॅम. डिगॉक्सिनची ०.२५ मिलिग्रॅमची गोळी म्हणजे २५० मायक्रोग्रॅम. डॉक्टरांनी १२५ मायक्रोग्रॅम लिहिले असल्यास अर्धी गोळी द्यावयाची. एककाची ही गफलत झाल्यास मात्रा दुपटीने किंवा तिपटीने नव्हे, तर हजारपटीने चुकू शकते.

ताप उतरविणाऱ्या पॅरासिटामॉलचे उदाहरण घेऊ. दहा किलो वजनाच्या बालकाला दर किलोस १५ मिलिग्रॅम याप्रमाणे १५० मिलिग्रॅम औषध द्यावयाचे आहे. हे औषध ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम, ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम आणि १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम (थेंबांची बाटली) अशा तीन तीव्रतांमध्ये मिळते. सूत्राप्रमाणे पहिल्या बाटलीतून ६ मिलिलिटर, दुसरीतून ३ मिलिलिटर आणि तिसरीतून केवळ दीड मिलिलिटर औषध द्यावे लागेल. ‘सहा मिलिलिटर द्यायचे’ एवढेच लक्षात ठेवून कोणी थेंबांच्या बाटलीतून तेवढे औषध दिले, तर बालकाच्या पोटात ६०० मिलिग्रॅम म्हणजे चौपट औषध जाईल. अशी चूक वारंवार झाल्यास यकृताला गंभीर इजा होऊ शकते. बाटलीवरील तीव्रता वाचल्याखेरीज मिलिलिटरचा आकडा उच्चारूच नये, हा नियम यासाठीच आहे. घरी पाठविताना मातेलाही हेच समजावून सांगावे व घरातील चमच्याऐवजी बाटलीसोबतचे माप वापरण्यास सांगावे.

नवजात बालकांच्या बाबतीत तर चुकीला जागाच उरत नाही. दोन किलो वजनाच्या अर्भकाला जेंटामायसिन दर किलोस ५ मिलिग्रॅम याप्रमाणे, म्हणजे १० मिलिग्रॅम लिहून दिले आहे असे समजू. या औषधाच्या दोन मिलिलिटरच्या एका कुपीत २० मिलिग्रॅम, तर तेवढ्याच दुसऱ्या कुपीत ८० मिलिग्रॅम औषध असते. पहिलीतून १ मिलिलिटर घ्यावे लागेल, दुसरीतून अवघे पाव मिलिलिटर. या औषधाच्या अतिरेकाने मूत्रपिंडाला आणि श्रवणशक्तीला अपाय होतो. पाव मिलिलिटर मोजण्यासाठी एक मिलिलिटरची, बारीक खुणांची सिरिंजच वापरावी. बालकाचे वजन त्याच दिवशी करून केसपेपरवर किलोग्रॅममध्ये लिहिलेले असावे. अंदाजाने धरलेल्या वजनावर केलेला अचूक हिशेबही चुकीचाच ठरतो.

शून्य आणि दशांश चिन्ह

पुष्कळ चुका हिशेबात न होता लेखनात होतात. ‘५.०’ मधील ठिपका पुसट झाला की वाचणाऱ्याला ते ५० दिसतात; ‘.५’ मधील ठिपका निसटला की अर्ध्याचे पाच होतात. दोन्ही ठिकाणी मात्रा दहापट वाढते. म्हणून पूर्णांकानंतर दशांश व शून्य लिहू नये आणि एकाहून लहान संख्येपूर्वी शून्य अवश्य लिहावे. ‘युनिट’ हा शब्दही पूर्ण लिहावा; इंग्रजीतील ‘यू’ हे एकटे अक्षर घाईत शून्यासारखे दिसते व २० चे २०० होतात. औषधांची नावे सुवाच्य, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावीत, अशी तरतूद भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ साली डॉक्टरांच्या आचारनियमांत केली. अक्षर लागत नसेल तर तर्क न करता डॉक्टरांना विचारणे हा परिचारिकेचा अधिकार आहे आणि कर्तव्यही आहे. दूरध्वनीवरून आदेश मिळाल्यास तो लिहून घेऊन परत वाचून दाखवावा. ‘पंधरा’ आणि ‘पन्नास’ यांत ऐकताना घोटाळा होऊ नये म्हणून ‘एक पाच’, ‘पाच शून्य’ असे अंक सुटे उच्चारावेत.

इन्सुलिनच्या दोन सिरिंजा

भारतात इन्सुलिन एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट आणि १०० युनिट अशा दोन तीव्रतांमध्ये मिळते, आणि त्यांच्या सिरिंजाही वेगळ्या असतात. ४० युनिटच्या सिरिंजेचे टोपण लाल, तर १०० युनिटच्या सिरिंजेचे नारिंगी असते. रुग्णाला २० युनिट द्यावयाचे असताना १०० युनिटचे इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजेत २० च्या खुणेपर्यंत भरले, तर अर्धा मिलिलिटर म्हणजे ५० युनिट औषध जाईल. रक्तातील साखर एकाएकी घसरून रुग्ण बेशुद्ध होऊ शकेल. उलट ४० युनिटचे इन्सुलिन नारिंगी टोपणाच्या सिरिंजेत तेवढ्याच खुणेपर्यंत घेतल्यास जेमतेम ८ युनिट जातील. कुपीवरील आकडा आणि सिरिंजेवरील आकडा एकच असल्याची खात्री करणे हाच यावरील उपाय होय.

तारणारे औषध, मारणारी मात्रा

गरोदरपणात रक्तदाब वाढून येणारे झटके हे मातामृत्यूचे एक प्रमुख कारण आहे. त्यावर मॅग्नेशियम सल्फेट हे प्रभावी औषध आहे. ३३ देशांतील दहा हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मॅगपाय’ चाचणीत, या औषधामुळे झटके येण्याचा धोका निम्म्याहून कमी होतो असे दिसून आले. प्राथमिक आरोग्य केंद्रातून अशा मातेला मोठ्या रुग्णालयात पाठविण्यापूर्वी पहिली मात्रा देण्याचे काम पुष्कळदा परिचारिकेकडेच येते.

या औषधाच्या ५० टक्के तीव्रतेच्या दोन मिलिलिटरच्या एका अॅम्प्यूलमध्ये एक ग्रॅम औषध असते. स्नायूत द्यावयाची १० ग्रॅमची पहिली मात्रा म्हणजे दहा अॅम्प्यूल. दोन्ही कुल्ल्यांत प्रत्येकी पाच ग्रॅम, अर्थात दहा दहा मिलिलिटर, खोलवर. शिरेतून चार ग्रॅम द्यावयाचे असल्यास मात्र औषध २० टक्क्यांपर्यंत सौम्य करावे लागते : आठ मिलिलिटर औषधात बारा मिलिलिटर निर्जंतुक पाणी मिसळून वीस मिलिलिटर द्रावण करावे व ते सावकाश द्यावे. पुढील प्रत्येक मात्रेपूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात : श्वसन मिनिटाला किमान १६ आहे काय, गुडघ्यावर टिचकी मारताच पाय उसळतो काय आणि लघवी तासाला किमान ३० मिलिलिटर होते काय. यांपैकी एकही उणी असल्यास मात्रा थांबवून डॉक्टरांना कळवावे. उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट खाटेजवळ तयार ठेवावे.

पोटॅशियम क्लोराइडच्या बाबतीतही हीच दक्षता हवी. १५ टक्क्यांच्या दहा मिलिलिटर अॅम्प्यूलमध्ये दीड ग्रॅम औषध असते. ते सौम्य न करता थेट शिरेत गेल्यास हृदय बंद पडू शकते. त्यामुळे ही अॅम्प्यूले इतर औषधांत न मिसळता वेगळ्या, ठळक चिठ्ठी लावलेल्या डब्यात ठेवावीत. सलाईनमध्ये मिसळल्यावर बाटली अनेकदा उलटसुलट करून औषध एकजीव करावे; अन्यथा ते तळाशी साचून आरंभीच एकदम रुग्णाच्या शरीरात जाते.

सलाईनचे थेंब

सलाईनचा वेग ठरविताना एकूण मिलिलिटरला एका मिलिलिटरमधील थेंबांनी गुणून मिनिटांनी भागावे. नेहमीच्या संचात बहुधा एका मिलिलिटरचे २० थेंब होतात. ५०० मिलिलिटर सलाईन चार तासांत द्यावयाचे असेल, तर ५०० गुणिले २० भागिले २४०, म्हणजे मिनिटाला सुमारे ४२ थेंब. बालकांसाठी वापरल्या जाणाऱ्या सूक्ष्म थेंबांच्या संचात एका मिलिलिटरचे ६० थेंब होतात. तेथे मिनिटाला ४२ थेंब ठेवल्यास तेच सलाईन संपण्यास सुमारे बारा तास लागतील. संचाच्या वेष्टनावर छापलेला थेंबांचा आकडा पाहूनच हिशेब मांडावा.

दुसरी नजर

इन्सुलिन, हेपॅरिन, पोटॅशियम, मॅग्नेशियम सल्फेट आणि मॉर्फिनसारखी जोखमीची औषधे, तसेच बालकांना द्यावयाची प्रत्येक मात्रा दुसऱ्या परिचारिकेकडून तपासून घ्यावी. ही तपासणी स्वतंत्र असली पाहिजे. ‘दोन मिलिलिटर येतात ना?’ असे विचारले की उत्तर बहुधा होकारार्थीच मिळते. त्याऐवजी केसपेपर आणि कुपी हाती देऊन सहकाऱ्याला हिशेब नव्याने करू द्यावा. हिशेब मनातल्या मनात न करता कागदावर करावा. उत्तर एखाद्या मोठ्या माणसासाठी चार-पाच अॅम्प्यूल किंवा गोळीचा दहावा भाग असे विलक्षण येत असेल, तर हात थांबवून पुन्हा पडताळावे. मॅग्नेशियम सल्फेटसारख्या औषधात दहा अॅम्प्यूल हे उत्तर बरोबर असते. पण तेथेही ते पडताळूनच स्वीकारावयाचे असते.

औषधे काढत असलेल्या परिचारिकेशी त्या वेळी कोणी बोलू नये, एकीने भरलेली सिरिंज दुसरीने देऊ नये, आणि औषध दिल्यानंतरच, परंतु लगेच, नोंद करावी, हे संकेत परिसेविकेने कक्षात रुजवावेत. इतके करूनही चूक झालीच, तर ती तत्काळ डॉक्टरांना सांगणे हेच रुग्णाच्या हिताचे असते, कारण उताऱ्याला वेळेचे बंधन असते. चूक सांगणाऱ्या परिचारिकेवर केवळ दोषारोप झाला, तर पुढची चूक झाकली जाईल आणि तिच्यातून कोणी काही शिकणार नाही, याचे भान रुग्णालयाच्या व्यवस्थापनानेही ठेवावयास हवे.

यासाठी मोठ्या खर्चाची गरज नाही. नेमका चालणारा वजनकाटा, एक मिलिलिटरच्या सिरिंजांचा पुरेसा साठा, कामाच्या खोलीत एक गणकयंत्र, भिंतीवर नेहमीच्या औषधांच्या तीव्रतेचा तक्ता आणि नव्या परिचारिकांसाठी आठवड्यातून एकदा हिशेबांचा सराव, एवढी सोय ग्रामीण रुग्णालयालाही करता येण्यासारखी आहे. ‘सिस्टर’ अशी हाक मारून विश्वासाने हात पुढे करणारा रुग्ण सिरिंजेत किती औषध आहे हे विचारीत नाही. तो प्रश्न त्याच्या वतीने परिचारिकेने स्वतःला विचारावयाचा असतो.