नवापूरच्या कोंबड्या आणि ‘ढोरांचा डॉक्टर’

निकाल लागले की समुपदेशकांपुढे तेच दोन प्रश्न येऊन बसतात. ‘एआय-डेटा सायन्सला सीट मिळेल ना?’ आणि ‘नीटमध्ये एमबीबीएसपुरते गुण नाहीत, परदेशी पाठवू का?’ विचारतात आईवडील. ज्याच्या आयुष्याचा प्रश्न, तो शेजारी मोबाइलवर गेल्या वर्षीचा कट-ऑफ चाळत असतो.

एखादी मुलगी मात्र तिसरेच काही विचारते: साऱ्या मानवजातीवर बेतेल असे संकट आधी ओळखून टाळायचे काम कुठे मिळते? घरच्यांना हे सिनेमातले वाटते. पण अशी कामे आहेत. सप्टेंबर २०२२ मध्ये नासाने, पृथ्वीकडे येणारा लघुग्रह वळवता येईल का याची निव्वळ चाचणी म्हणून, डायमॉर्फोस या छोट्या लघुग्रहावर यान आदळवून त्याची कक्षा बदलली. एआयचा पाया घालणाऱ्यांपैकी एक जेफ्री हिंटन २०२३ मध्ये गूगल सोडून एआयच्याच धोक्यांबद्दल मोकळेपणी बोलू लागले. या वाटांना गणित पक्के लागते. तिथे गर्दीही पोहोचेलच.

गर्दी नाही ती साथींच्या वाटेवर. नव्याने डोके वर काढणाऱ्या दर चार आजारांपैकी साधारण तीन प्राण्यांकडून येतात. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरच्या कोंबड्यांमध्ये एच५एन१ सापडला. भारतातला तो पहिला बर्ड फ्लू. जगभरात या विषाणूची लागण नोंदली गेलेल्या माणसांपैकी जवळपास निम्मी दगावली आहेत. माणसाकडून माणसाकडे सहज पसरणे त्याला अजून जमलेले नाही, एवढाच काय तो दिलासा. आणि लागण झालेला प्रत्येक पक्षी म्हणजे त्याला बदलायची आणखी एक संधी. म्हणून नवापुरात लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. अंगभर संरक्षक पोशाख चढवून त्या कामाला जुंपले गेले ते पशुवैद्यक.

याच पदवीला घरोघरी ‘ढोरांचा डॉक्टर’ म्हणून नाके मुरडली जातात. बी.व्ही.एस्सी.ला महाराष्ट्रात नीटच्याच गुणांवर प्रवेश मिळतो, मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून उभे आहे, तरी मुलाने नाव काढले की बापाचा चेहरा उतरतो. आजवर माणसाने दोनच रोग जगातून पुरते हद्दपार केले. देवी गेली, १९८० मध्ये तशी घोषणा झाली, हे सगळ्यांना ठाऊक असते. दुसरा रोग गुरांची बुळकांडी, २०११. तो पशुवैद्यकांनी घालवला, आणि त्याबद्दल कुणी पेढे वाटल्याचे ऐकिवात नाही.

सिंधुदुर्गात गोचिडांमार्फत पसरणारा माकडताप घ्या. जंगलात मेलेले माकड ही तिथे पहिली सूचना असते. ती वेळेत वाचायला जनावरांची जाण हवी, आणि आजारी माणसांच्या आकड्यांतून साथीचा माग काढायला संख्याशास्त्र. पशुवैद्यक झाल्यावर साथरोगशास्त्र शिकता येते. बी.एस्सी. संख्याशास्त्रातूनही तिथे पोहोचता येते, पण ‘त्याला स्कोप काय’ असे म्हणत तो अर्ज घरातच फाडला जातो.

गुलाबी चित्र रंगवण्यात अर्थ नाही. कायम पदे थोडी, कंत्राटावर वर्षे जातात आणि आयटीतल्या मित्राचे पॅकेज दर दिवाळीला ऐकावे लागते. शिवाय काम नीट झाले तर काहीच घडत नाही. मग दाखवायचे काय? ज्याला हे सोसणार नाही त्याने कॉम्प्युटर घ्यावे. ज्याला सोसेल त्याला आईवडिलांनी अडवू नये. पुढच्या भेटीला मुलाला एकट्याला आत पाठवा, तुम्ही बाहेरच्या बाकावर बसा.